बंदूक गेली, शिकार राहिली

बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतली आणि त्याबरोबर माणसातील शिकारीही निवृत्त झाला, असा एक सुखद समज शहरी सुशिक्षितांमध्ये गेली काही दशके रूढ झाला आहे. रक्त सांडत नाही, पिसे उडत नाहीत, पाखरू जिथल्या तिथे राहते आणि त्याची छबी तेवढी घरी येते. याहून निरुपद्रवी छंद कोणता, असा प्रश्न मोठ्या आत्मविश्वासाने केला जातो. निसर्गप्रेमाची म्हणून जी प्रमाणपत्रे हल्ली वाटली जातात, त्यांतील बहुतेक या छंदाच्या वाट्याला जातात. कंपन्यांच्या दिनदर्शिका, नगरपालिकांच्या स्पर्धा, पंचतारांकित हॉटेलांच्या दालनांतील प्रदर्शने यांत पक्ष्यांची छायाचित्रे मानाने मिरवत असतात. ही छायाचित्रे कोणत्या मार्गाने मिळवली गेली हे विचारण्याची मात्र पद्धत नाही.

मराठी भाषा या बाबतीत इंग्रजीइतकीच प्रामाणिक आहे. पाखरू दाणा टिपते, शिकारी पाखरू टिपतो आणि छायाचित्रकार छबी टिपतो. तिन्ही ठिकाणी क्रियापद एकच आहे. नेम धरणे, दबा धरणे, सावज कक्षेत येण्याची वाट पाहणे हे शिकारीचे सगळे उपचार कॅमेऱ्याच्या छंदात जसेच्या तसे उतरले आहेत. भरतपूरच्या केवलादेव पाणथळीत १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या मेजवानीप्रीत्यर्थ एका दिवसात ४,२७३ पाणपक्षी मारण्यात आले. असे आकडे कोरलेल्या शिळा तेथे आजही उभ्या आहेत. आज त्याच शिळांच्या आसपास फिरणारा प्रवासी दिवसभरात तीन हजार छायाचित्रे घेऊन परततो आणि रात्री आपल्या मित्रमंडळींना आकडा सांगतो. मारणे आणि छबी घेणे यांत महदंतर आहे हे कोणी नाकारणार नाही. पण आकड्याचा अभिमान तोच आहे, आणि त्या अभिमानाची किंमत पक्ष्याला आजही मोजावी लागते. फक्त ती आता शिळेवर कोरली जात नाही.

ही किंमत कशी वसूल होते ते एका लहानशा पक्ष्याच्या उदाहरणाने पाहणे इष्ट ठरेल. तिबोटी खंड्या हा कोकणातील ओढ्याकाठचा पक्षी. चोचीपासून शेपटीपर्यंत वीतभरही नाही, वजन जेमतेम पंधरा-वीस ग्रॅम. जांभळा, नारिंगी, निळा अशा रंगांची त्याच्या अंगावर उधळण असते, आणि हेच त्याचे दुर्दैव ठरले आहे. पावसाच्या आगेमागे तो कर्नाळा, चिपळूण आणि सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील दाट झाडीत येतो, ओढ्याच्या किंवा वाटेच्या कडेच्या मातीच्या दरडीत आडवे बीळ खोदतो आणि त्यात अंडी घालतो. अंड्यांपासून पिले उडेपर्यंतचा काळ थोड्या आठवड्यांचा. या आठवड्यांत नर-मादी दोघेही पहाटेपासून अंधार पडेपर्यंत पाली, सापसुरळ्या, लहान खेकडे, बेडूक, कोळी आणून पिलांना भरवतात. पावसाने मध्येच एखादे बीळ ढासळते, एखाद्यात साप शिरतो. निसर्गाचा हा हिशेब मुळातच काटकसरीचा आहे.

आता या बिळासमोर वीस-पंचवीस फुटांवर कापडी आडोसा उभा राहतो. समोर एक सुबक, शेवाळलेली वाळकी फांदी रोवली जाते. ती पक्ष्यासाठी रोवली जात नाही, चित्राच्या चौकटीसाठी रोवली जाते. मधे येणारी नेच्याची पाने छाटली जातात. मग चोचीत सापसुरळी धरलेला तिबोटी खंड्या त्या फांदीवर येऊन बसतो आणि आडोशाआडून यंत्रांची खडखड सुरू होते. या चित्राचे गेल्या काही वर्षांत अमाप कौतुक झाले आहे. चोचीत भक्ष्य, अंगावर पावसाचे थेंब, डोळ्यांत चमक! पण हे चित्र नेमके कशाचे आहे? घास आणलेला बाप सरळ बिळात शिरत नाही, फांदीवर थांबून इकडेतिकडे पाहतो, मान खालीवर करतो, पुन्हा उडून जातो आणि परततो. समोर धोका दिसत असताना घराचा दरवाजा शत्रूला दाखवू नये, इतकी अक्कल निसर्गाने त्याला दिली आहे. ज्याला रसिक 'पोझ' म्हणतात तो पुष्कळदा भ्यालेल्या पालकाचा खोळंबा असतो. आत पिले उपाशी आहेत आणि बाहेर बक्षीसपात्र कलाकृती तयार होत आहे!

यावर ठराविक उत्तर मिळते. दहा मिनिटे बसलो, चार छायाचित्रे घेतली, निघून आलो, त्याने काय बिघडले? हे उत्तर देणारा खोटे बोलत नसतो. त्याची दहा मिनिटे खरोखरच निरुपद्रवी असतात. पण त्या बिळाचा पत्ता आता भ्रमणध्वनीवरून शंभर जणांना कळलेला आहे. समजा, दिवसभरात साठ माणसे आली आणि प्रत्येकाने अगदी शिस्तीने दहाच मिनिटे घेतली, तरी दहा तास होतात. पावसाळ्यातील बारा-तेरा तासांच्या दिवसातून पिलांना भरवण्यासाठी उरतात दोन किंवा तीन तास. साठांपैकी एकानेही गुन्हा केला नाही आणि तरी पिले मेली, असा हा प्रकार आहे. व्यक्तीच्या नीतीचे मोजमाप करून समूहाच्या कृतीचा निवाडा करता येत नाही, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक धडा आहे. शिष्टाचाराची पत्रके छापणाऱ्या सज्जनांच्या तो ध्यानी येत नाही. 'पक्ष्यापासून अंतर ठेवा, आवाज करू नका, धीर धरा' ही त्यांची सूत्रे चांगली आहेत. ती फक्त एकेका माणसाला उद्देशून आहेत, आणि बिळासमोर बसतो तो जमाव.

अन्य पद्धतींचा पाढा फार लांबवण्याचे कारण नाही. नवरंगासारखा पक्षी झुडपातून बाहेर यावा म्हणून त्याच्याच जातीची ध्वनिमुद्रित साद वाजवली जाते. विणीच्या काळात नर आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असे समजून धावून येतो, नसलेल्या शत्रूशी झगडतो आणि दाणापाणी सोडून थकतो. घुबडासमोर जिवंत उंदीर सोडणे, खंड्यासाठी मासळी घातलेले घमेले मांडणे, माळावरच्या पक्ष्यांना उडवण्यासाठी दगड भिरकावणे, उघड्या गवताळ रानात चाकोरी सोडून जीप घालणे हे सारे चालू आहे. टिटवी, धाविक, चंडोल, पखुर्डी हे पक्षी जमिनीवर अंडी घालतात आणि ती मातीच्या रंगात मिसळून जातात. जीपच्या चाकाला ती दिसत नाहीत आणि जीपमधील माणसाचे डोळे दूरच्या शिकारी पक्ष्याकडे लागलेले असतात. घरट्याभोवतीची पाने तोडण्याचा उल्लेख वर आलाच आहे. चित्र स्वच्छ येते हे खरे, पण त्याच मोकळ्या वाटेने दुपारचे ऊन आत जाते, आणि कावळा व भारद्वाजही आत जातात.

या छंदाला इतिहास आहे आणि तो सगळाच निंद्य नाही. इंग्लंडातील यॉर्कशायरच्या एका शेतकरी कुटुंबातील रिचर्ड आणि चेरी कीर्टन या बंधूंनी १८९२ साली अंड्यांसह घरट्याचे छायाचित्र घेतले, आणि १८९५ साली इंग्लंडातील पक्ष्यांच्या घरट्यांविषयीचे त्यांचे सचित्र पुस्तक निघाले. पक्षी बिचकू नये म्हणून हे बंधू पोकळ बैलाच्या कातड्यात शिरून बसत! त्या काळी अंडी गोळा करून कपाटात मांडण्याची मोठी खोड होती. अंडे घेऊ नका, त्याचे चित्र घ्या, असे सांगणारा कॅमेरा हे त्या वेळी पुढचे पाऊल होते. भारतातही डॉ. सालिम अली यांच्या पिढीला अभ्यासासाठी पक्षी मारावे लागत, आणि आज ओळख पटवण्याचे पुष्कळसे काम छायाचित्रावर भागते ही लहान गोष्ट नाही. शहाद्याजवळ १९९७ साली वनपिंगळा तब्बल ११३ वर्षांनंतर पुन्हा सापडला, तेव्हा त्याच्या अस्तित्वाचा पुरावा चित्रफितीने आणि छायाचित्राने दिला. त्यासाठी कोणाला त्याला मारावे लागले नाही. तेव्हा कॅमेरा फोडून टाका असा हा लुडाइट उपदेश नव्हे. प्रश्न साधनाचा नसून ते साधन कोणत्या संबंधांत वापरले जाते याचा आहे.

हे संबंध बाजाराचे आहेत. फिल्मच्या काळात एका गुंडाळीत छत्तीस चित्रे असत आणि प्रत्येक चित्राला पैसे पडत. त्यामुळे हव्यासाला आपोआप एक मर्यादा होती. आज यंत्र सेकंदाला वीस चित्रे घेते आणि जास्तीच्या चित्राचा खर्च शून्य आहे. पण खरा बदल याहून खोल आहे. फ्रेड हर्श या अर्थशास्त्रज्ञाने १९७६ साली विकासाच्या सामाजिक मर्यादांचे विवेचन करताना एक मार्मिक भेद दाखवला होता. काही वस्तूंचे मोल त्यांच्या उपयोगात असते आणि काहींचे मोल इतरांपाशी त्या नसण्यात असते. गर्दीच्या टेकडीवरून दिसणारा देखावा हा दुसऱ्या वर्गातील. फांदीवर बसलेल्या पक्ष्याचे चित्र आता सर्वांपाशी आहे, म्हणून ते कवडीमोल झाले. मग उडतानाचे हवे. तेही झाले, मग भक्ष्यासह हवे, मग पिलांना भरवताना, मग पिलांच्या रांगेसह. काही महाभागांनी पिले घरट्यातून काढून फांदीवर ओळीने मांडून ठेवण्यापर्यंत मजल मारली आहे. प्रत्येक पायरीवर पक्षी अधिक दुर्बळ अवस्थेत गाठला जातो, कारण दुर्बळ अवस्थेतील चित्रच अजून दुर्मीळ आहे. हे कोणा एकाच्या क्रौर्यामुळे घडत नाही. स्पर्धेची घडणच तशी आहे. तिच्यात धसमुसळा जिंकतो आणि संयमी मागे पडतो, आणि भांडवली बाजार ज्याला गुणवत्ता म्हणतो ती बहुधा धसमुसळ्याच्या पदरात पडते.

कायदा याविषयी मुका नाही. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमातील 'शिकार' या शब्दाची व्याख्या वाचून पाहावी. वन्य प्राण्यास मारणे एवढाच तिचा अर्थ नाही. सापळा लावणे, हाकणे, आमिष दाखवणे हेही शिकार आहे, आणि पक्ष्यांची अंडी फोडणे किंवा अंडी व घरटी यांना उपद्रव देणे हेही शिकारच आहे. म्हणजे घुबडापुढे उंदीर सोडून चित्र घेणारा आणि घरट्यापुढची पाने छाटणारा हे दोघेही कायद्याच्या शब्दार्थाने शिकारी ठरू शकतात. असे किती 'शिकारी' न्यायालयासमोर उभे राहिले? आणि याच कायद्याखाली तितराला फास लावणारे किती फासेपारधी गजाआड गेले? ब्रिटिशांनी १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींच्या कपाळावर गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी ज्यांना कागदोपत्री विमुक्त केले, त्यांच्या पालावर धाड घालताना वनखात्याला कोणतीही अडचण येत नाही. पारध्याचा फास हा पुरावा ठरतो आणि दहा लाखांचे भिंग हे कलेचे साधन ठरते. पारधी पोटासाठी आमिष लावतो आणि दुसरा बक्षिसासाठी. कायद्याच्या पुस्तकात दोघांना शब्द एकच आहे, पण अंमलबजावणीत दोन देश आहेत. पारध्याला फास लावू द्यावा असा याचा अर्थ कोणी काढू नये. त्याला जमीन आणि रोजगार द्यावा, ही मागणी चळवळीने सतत केलेली आहे. अकोला-वाशीम भागात तणमोरासारख्या दुर्मीळ पक्ष्याच्या रक्षणाच्या कामात फासेपारधीच पुढे आले, हेही नोंदवून ठेवण्याजोगे आहे.

इंग्लंडात १९८१ च्या कायद्याने दुर्मीळ पक्ष्यांची एक यादी केली आणि त्या यादीतील पक्ष्यांना घरट्यापाशी उपद्रव देणे हा गुन्हा ठरवला. तसे छायाचित्रण करायचे तर आधी परवाना घ्यावा लागतो. तेथील नामवंत छायाचित्रकार एरिक हॉस्किंग यांचा एक डोळा १९३७ साली घरट्याजवळ घुबडाने निकामी केला होता. असा प्रतिकार करण्याची ताकद बहुतेक पाखरांपाशी नसते, म्हणून कायदा लागतो.

आता नावाड्याविषयी. कारण या सगळ्या प्रकरणाची खरी गाठ तेथे आहे.

भिगवणजवळ कुंभारगाव, डिकसळ या गावांच्या कडेने उजनीचा जलाशय पसरला आहे. १९८० साली हे धरण पूर्ण झाले तेव्हा भीमाकाठची सुपीक जमीन आणि कितीतरी गावठाणे पाण्याखाली गेली. त्या उथळ पाण्यावर हिवाळ्यात हजारोंनी रोहित उतरतात. पट्टकदंब हंस येतात, बदके येतात, त्यांच्या मागावर ससाणे आणि घारी येतात. आणि आता या सगळ्यांच्या मागावर शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या मोटारी येतात. मासेमारी करणाऱ्या कुटुंबांतील तरुण आपल्या होड्यांतून या पाहुण्यांना पाण्यावर नेतात. धरणाने ज्यांचे बरेच काही नेले, त्यांच्या हाती या हंगामात थोडे रोख पैसे येतात. याचा कोणालाही विषाद वाटण्याचे कारण नाही.

रोहित पक्षी चोच उलटी करून चिखलातून सूक्ष्म अन्न गाळून खातो, आणि त्याला दिवसाचा मोठा भाग या कामात घालवावा लागतो. उडताना त्याला पाण्यावरून धावत जावे लागते. ते उड्डाण महागडे आहे. पण उडणाऱ्या थव्याचे चित्र, पंखांखालचा तो अग्निवर्ण, पाहुण्याला हवा असतो. म्हणून तो नावाड्याला म्हणतो, 'अजून थोडी पुढे घे रे.' नावाडी जाणतो की पुढे घेतली तर थवा उठणार. पक्ष्याची सहनशक्ती त्याला पाहुण्यापेक्षा कितीतरी चांगली कळते. पण नाही म्हटले तर बक्षिसी बुडते, आणि पुढच्या रविवारी हाच पाहुणा शेजारच्या होडीत बसतो. शेजारची होडीही याच विवंचनेत असते. मग होड्यांची शर्यत लागते आणि सकाळच्या तीन तासांत एकच थवा पाच-सहा वेळा उठवला जातो. परतल्यावर पाहुणा उपाहारगृहात चहा पिता पिता सांगतो, 'या स्थानिक लोकांना पक्ष्यांची काही कदरच नाही!'

हे वाक्य समाजवादी कार्यकर्त्याने नीट ऐकून ठेवावे, कारण त्याने ते दुसरीकडेही ऐकलेले आहे. मजूर कमी पैशात काम करायला तयार होतो म्हणून मजुरी कमी, असे म्हणणारा मालक याच सुरात बोलत असतो. एकटा मजूर किमान वेतन मागू शकत नाही, तसा एकटा नावाडी अंतर राखू शकत नाही. अंतर राखणे ही त्याच्या सद्गुणाची बाब नसून त्याच्या सौदाशक्तीची बाब आहे. सर्व होड्यांचा एकच दर, तो आगाऊ सामायिक खात्यात जमा, फेऱ्या पाळीपाळीने, खासगी बक्षिसी बंद आणि थव्यापासूनचे अंतर सर्वांनी मिळून ठरवलेले, एवढे झाले की 'पुढे घे' म्हणणाऱ्या पाहुण्याला नावाडी ताठ मानेने 'नाही' म्हणू शकतो. त्या 'नाही'मुळे त्याचा एक रुपयाही बुडत नाही. कोकणातील वाटाड्याचे आणि घरट्याचा पत्ता सांगून चार पैसे मिळवणाऱ्या पोराचे गणितही याहून वेगळे नाही. त्या पोराला नीतीचे धडे देण्याआधी त्याची रोजी घरट्यावर अवलंबून राहणार नाही अशी तजवीज करावी लागेल.

सामायिक संपत्तीचा नाश अटळ आहे, म्हणून ती खासगी तरी करावी किंवा सरकारी तरी, असे गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली मांडले आणि जगभरच्या नोकरशहांनी व भांडवलदारांनी ते डोक्यावर घेतले. पुढे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी मासेमार, मेंढपाळ आणि पाटपाण्याचे शेतकरी आपापले नियम करून सामायिक संपत्ती पिढ्यान्‌पिढ्या कशी राखतात हे दाखवले, आणि २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. पक्ष्यांच्या छायाचित्रणात मात्र अजून हार्डिनचेच दोन्ही रस्ते चालू आहेत. एका बाजूला खासगी लपणे उभी राहिली आहेत. पाण्याचे डबके, दाणे, अळ्या यांची सोय करून तासांच्या हिशेबाने जागा विकायची, आणि ज्याला परवडत नाही त्याने रस्त्यावरून पाहायचे. दुसऱ्या बाजूला सरकारी बंदी. तिचा अनुभव भरतपूरने घेतला आहे. १९८२ साली राष्ट्रीय उद्यानात गुरे चारण्यास बंदी झाली, विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि माणसे मेली. पुढे अभ्यासात निष्पन्न झाले की म्हशी गेल्यामुळे पाणथळीत गवत माजले आणि पाणपक्ष्यांचीच अडचण झाली. माणसे हाकलून पक्षी वाचवण्याचा हा नमुना. त्याच उद्यानात सायकलरिक्षा ओढणारे कामगार पक्ष्यांचे उत्तम जाणकार झाले आणि प्रवाशांचे वाटाडे बनले, ही गोष्ट धोरणकर्त्यांपेक्षा प्रवाशांना अधिक माहीत आहे.

सोलापूर जिल्ह्यातील माळढोकाची कथा याच जातीची. १९७९ साली अभयारण्य जाहीर झाले ते सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचे. त्यात शेते आली, गावे आली, बाजारपेठा आल्या. वर्षानुवर्षे शेतकऱ्यांना स्वतःच्या जमिनीच्या व्यवहारात अडथळे सोसावे लागले आणि माळढोकाचे नाव शिवीसारखे झाले. पुढे क्षेत्र घटवून सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर आणले गेले, पण तोवर पक्षीच जवळजवळ दिसेनासा झाला होता. माळढोकाची मादी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. मेंढ्या घेऊन माळावर गेलेल्या धनगराला दंड, आणि चांगली ओळखपाळख असलेल्या छायाचित्रकाराची मोटार मात्र विनासायास आत, हे दृश्य ज्या गावाने पाहिले त्या गावाला पक्षिसंरक्षणाचे महत्त्व कोण आणि कोणत्या तोंडाने सांगणार?

चळवळीतील काही मित्रांचा आक्षेप येथे अपेक्षित आहे. देशभरातले माळढोक दीडशेच्या आत आले ते विजेच्या तारांनी आणि माळ नष्ट झाल्याने. त्या तारांवरून २०२१ पासून सर्वोच्च न्यायालयात काय काय झाले ते जगजाहीर आहे. मुंबईत २० मे २०२४ रोजी घाटकोपरच्या आकाशात विमानाची धडक बसून ३९ रोहित मेले. खाड्या बुजवणारे बिल्डर मोकाट आहेत. असे असता चार हौशी माणसांच्या कॅमेऱ्यामागे लागणे म्हणजे मूळ शत्रू सोडून सावलीशी लढणे नव्हे काय? हा आक्षेप अर्धा खरा आहे. पक्ष्यांचा मुख्य शत्रू छायाचित्रकार नाही, आणि तसे कोणी म्हणू नये. पण पाणथळ वाचवण्याच्या लढ्यात हाच मध्यमवर्ग सहप्रवासी म्हणून येतो, त्याच्या चित्रांचा पुरावा म्हणून उपयोगही होतो. तो येताना कोणती दृष्टी घेऊन येतो याला महत्त्व आहे. ज्याला पाणथळ म्हणजे आपल्या भिंगासमोरची रिकामी रंगभूमी वाटते, त्याला तेथील कोळी, मेंढपाळ आणि गवत कापणारी बाई ही चौकटीत येणारी अडगळच वाटणार. बिल्डरलाही ती अडगळच वाटते. दोघांचे हेतू भिन्न आहेत हे मान्य. पण उद्या बिल्डरने एक तळे सुशोभित करून कुंपण घातले आणि छायाचित्रकारांना सवलतीचा पास दिला, तर त्यांतले किती जण मोर्चात उरतील?

दुसरा आक्षेप वर्गीय अंगाने येतो. कर्ज काढून कॅमेरा घेतलेला कनिष्ठ मध्यमवर्गीय तरुणही या छंदात आहे, त्यालाही चंगळवादी म्हणणार काय? मुळीच नाही. कारखान्यातील पाळी संपवून रविवारी माळावर जाणारा, आठवडाभर घोकलेले नाव प्रत्यक्ष पक्ष्याला चिकटवून हरखणारा हा तरुण चळवळीचा स्वाभाविक मित्र आहे. त्याला बक्षिसांच्या शर्यतीतून बाहेर काढणे हे काम आहे, आणि त्याची दोरी बक्षीस देणाऱ्यांच्या हाती आहे. कित्येक नगरपालिकांत आणि महाविद्यालयांत अशा स्पर्धांच्या समित्यांवर पक्षाचे सभासद वा सहानुभूतीदार बसतात. घरट्याचे, पिलांचे, आमिष लावून किंवा साद वाजवून घेतलेले चित्र स्वीकारले जाणार नाही आणि चित्रासोबत ते कसे घेतले ते लिहून द्यावे लागेल, हा नियम करायला कोणत्याही सरकारी आदेशाची वाट पाहावी लागत नाही. दुर्मीळ पक्ष्याचे नेमके ठिकाण जाहीर न करण्याचा नियमही तसाच. पक्षिनोंदींची मोठी आंतरराष्ट्रीय व्यवस्था असलेल्या 'ई-बर्ड'ने २०१७ पासून संवेदनशील पक्ष्यांची ठिकाणे लोकांपासून झाकून ठेवली आहेत. महाविद्यालयाच्या निसर्गमंडळाला ते अशक्य नाही.

गावाच्या हाती यापेक्षा अधिक आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी असे ठरवले, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला वन आणि वन्यजीव यांच्या रक्षणाचा अधिकार दिला. पुष्कळ ठिकाणी या समित्या कागदावर झोपल्या आहेत. नागालँडमधील पांगती गावच्या परिसरात २०१२ साली अमूर ससाण्यांची प्रचंड कत्तल उघड झाली, आणि पुढच्याच हंगामात, २०१३ साली, गावाच्या संस्थांनी स्वतः ठराव करून ती थांबवली. जेथे जाळ्याने हजारो पक्षी धरणारे गाव थांबू शकते, तेथे चार आडोसे आणि वीस होड्या यांचे नियम करणे गावाला जड जाऊ नये. अट एकच. त्या नियमांतून येणारा पैसा गावातील कष्टकऱ्याकडे जावा, बाहेरच्या सहलसंयोजकाकडे नव्हे.

वेळेचाही प्रश्न आहे. कोकणात तिबोटी खंड्या जूनच्या पावसाबरोबर बीळ खोदायला लागतो. तेथील कार्यकर्त्यांनी हा विषय १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत नेला तर त्या वर्षीची पिले एक तर उडालेली असतील किंवा मेलेली. ठराव १ मेच्या ग्रामसभेत यावा: विणीच्या काळात बिळासमोर आडोसा नाही, पत्ता विकणे नाही, आणि वाटाड्याची रोजी ठरलेली. इंदापूर तालुक्यातील मित्रांना २ ऑक्टोबरची ग्रामसभा पुरेल, कारण रोहित त्यानंतर येतात. होडीवाल्यांची बैठक मात्र त्याच्या महिनाभर आधी बोलवावी. दर, पाळ्या आणि अंतर या तिन्ही गोष्टी त्यांनी स्वतः ठरवायच्या आहेत, आणि पहिल्या बैठकीत भांडणे होणार हे गृहीत धरूनच जावे.